पौर्णिमेच्या पहाटेचा हिशेब

तुळजापुरात एखाद्या साध्या बुधवारी बसस्टँडकडून मंदिराकडे चालत निघालात, तर वाटेतलं सार्वजनिक शौचालय बरं वाटतं. नळाला पाणी असतं, फरशी ओली पण धुतलेली असते. तेच शौचालय कोजागरीच्या पहाटे पाहिलं, तर भांडी काठोकाठ भरलेली, दार अर्धवट लोटलेलं आणि बाहेर नाकाला पदर लावून उभ्या असलेल्या बायका. इमारत तीच, पाइप तेच, सफाई करणारा माणूसही बहुधा तोच. मग एका रात्रीत बदललं काय?

‘लोकांना सवयच नाही,’ हे उत्तर पटकन दिलं जातं. ते अन्यायाचं आहे. सोलापूरहून पंचेचाळीस किलोमीटर रात्रभर चालत आलेली बाई आडोसा शोधते, तेव्हा तिला सवय नसते असं नाही, तिला जागा नसते. शौचालय तुंबतं त्यामागे साधी गणितं आहेत. किती माणसं एकदम येतात, किती पाणी लागतं, भांड्याखालची टाकी किती वेळात किती पचवू शकते आणि तिच्या पलीकडची जमीन काय शोषून घेते, ही ती गणितं. ती मांडली की दोष कुणाकडे जातो तेही दिसतं.

चार तासांचं शहर

२०११च्या जनगणनेत तुळजापूरची लोकसंख्या चौतीस हजारांच्या आसपास होती. नगरपरिषदेचा पाणीपुरवठा, गटारं, सफाई कामगारांची संख्या हे सगळं साधारण एवढ्या वस्तीच्या मापाचं. पण हे गाव वर्षभर या मापात राहत नाही. मंगळवार-शुक्रवारची गर्दी वेगळी, पौर्णिमेची त्याहून मोठी आणि शारदीय नवरात्र ते कोजागरी हे दिवस तर वेगळेच. दसऱ्यानंतर तुळजाभवानी देवीची श्रमनिद्रा संपून आश्विन पौर्णिमेला ती पुन्हा सिंहासनावर बसते. त्या दर्शनासाठी सोलापूर जिल्ह्यातून आणि कर्नाटकातून लोंढे पायी येतात. सोलापूरचा रस्ता या काळात वाहनांसाठी बंद करतात आणि सगळा रस्ता माणसांचाच होतो.

आता एक हिशेब करू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, पण तर्क खरा आहे. शौचाला एका माणसाला सरासरी पाच मिनिटं धरली, तर एका भांड्यावर तासाला बारा जण जातील. चोवीस तासांत होतात २८८. कागदावर हा आकडा भरपूर वाटतो आणि बहुतेक आराखडे इथेच फसतात, कारण माणसाचं पोट चोवीस तासांत समान वाटून चालत नाही. यात्रेकरू पहाटे पोहोचतो, शौच उरकतो, अंघोळ करतो आणि दर्शनाच्या रांगेत लागतो. खरी गर्दी चार ते आठ या चार तासांत. त्या वेळात एका भांड्यावर जास्तीत जास्त ४८ माणसं. पन्नास हजार भाविकांना त्या चार तासांत शौचाला जायचं असेल, तर हजाराहून जास्त भांडी लागतील आणि त्यातलं एकही तुंबून चालणार नाही.

पाण्याचंही तसंच. ओतायचं पाणी, धुवायचं पाणी मिळून माणशी पाच लिटर धरा. पन्नास हजारांचे अडीच लाख लिटर होतात, म्हणजे दहा हजार लिटरचे पंचवीस टँकर, तेही एका सकाळपुरते. पाणी संपलं की पहिली पाच-दहा माणसं न ओतताच बाहेर येतात. अकराव्या माणसाला ते भांडं वापरता येत नाही. म्हणजे भांडं तुंबण्याआधी टाकी रिकामी झालेली असते, छतावरची.

बायकांची रांग लांब का

पुरुषांच्या बाजूला मुताऱ्या असतात. भिंतीला लागून सहा जण उभे राहतात आणि मिनिटभरात मोकळे होतात. बायकांना लघवीलाही बंद दाराची खोली लागते. साडी सावरायची, कडेवरचं मूल कुणाकडे तरी द्यायचं, खिळा नसल्यामुळे पिशवी दातात धरायची, पाळी असेल तर कापड किंवा पॅड बदलायचं. तीन मिनिटं सहज जातात. आणि इमारत बांधताना दोन्ही बाजूंना सारखंच क्षेत्रफळ दिलेलं असतं. नकाशात ते समान दिसतं, वापरात मात्र पुरुषांच्या बाजूची क्षमता कितीतरी जास्त होते.

समजा, बायकांच्या बाजूला चार खोल्या आहेत. तीन मिनिटांच्या हिशेबानं तासाला ऐंशी जणी जाऊ शकतात. तासाला नव्वद आल्या तर दर तासाला दहा मागे उरतात. चार वाजता सुरू झालेल्या रांगेत आठ वाजता चाळीस जणी उभ्या असतात आणि शेवटच्या बाईला अर्धा तास थांबावं लागतं. म्हणजे गरज क्षमतेपेक्षा थोडीशीच जास्त झाली, तरी रांग वाढतच जाते. त्यात माणसं एकेक करून येत नाहीत. तीन एसटी गाड्या एकदम लागल्या आणि साठ बाया एकदम उतरल्या, की चार खोल्यांना त्यांच्यासाठीच पाऊण तास लागतो, मग दिवसभराची सरासरी कितीही कमी असो.

यातून बायका काय करतात हे खेड्यापाड्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्या पाणी पीत नाहीत. आदल्या संध्याकाळपासून घोट-घोट घेत उन्हात, घाटात चालतात आणि लघवी दाबून ठेवतात. मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग व्हायला एवढं पुरतं. गर्भार बाईसाठी तर ते जास्तच धोक्याचं.

उपाय अवघड नाही. पुरुषांच्या एका जागेमागे बायकांच्या निदान दोन जागा हव्यात आणि बायकांसाठी स्वतंत्र मुताऱ्या बांधायला हव्यात: बसून वापरायच्या, आडभिंतीच्या, थोड्या पाण्यात धुतल्या जाणाऱ्या. यानं रांग निम्म्यावर येऊ शकते आणि खालच्या टाकीवरचा भारही उतरतो. पैशाचा भागही आहेच. पैसे देऊन वापरायच्या शौचालयाची पद्धत बिंदेश्वर पाठक यांच्या सुलभ संस्थेनं १९७४मध्ये पाटण्यात सुरू केली. त्यातून देखभालीला पैसा मिळाला हे खरं, पण पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईला लघवीचेही पैसे अशी रीत अनेक ठिकाणी पडली. २०११मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ चळवळीनं नेमका हा प्रश्न विचारला.

भांड्याखाली काय घडतं

भांड्याच्या तळाशी वाकडी नळी असते आणि तिच्यात नेहमी थोडं पाणी साचून राहतं. याला जलबंद म्हणतात. खालच्या घाणीचा वास वर येत नाही आणि माशी खाली जाऊ शकत नाही, ते या पाण्यामुळे. खेड्यांसाठी केलेल्या उताराच्या भांड्यात हा जलबंद फक्त वीस मिलिमीटरचा असतो, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. शहरी पद्धतीच्या भांड्याला याच्या कितीतरी पट पाणी लागतं. पाण्याची ओढ असलेल्या गावात चकचकीत टाइल्सच्या जोडीला हे शहरी भांडं बसवलं, की इमारत पहिल्या दिवसापासूनच तहानलेली असते.

पुढे सेप्टिक टँक. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी रांजणात भरून ठेवलं, की सकाळी गाळ तळाशी बसलेला असतो, काडीकचरा वर तरंगतो आणि मधलं पाणी बऱ्यापैकी निवळतं. टाकीत हेच होतं. जड मैला खाली बसतो, तेलकट भाग साय धरतो आणि मधलं पाणी पुढच्या पाइपानं बाहेर पडतं. तळाच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जिवाणू काम करतात आणि त्याचं आकारमान हळूहळू कमी करतात. आठवड्यातून तीनदा अॅसिड ओतून भांडी पांढरी केली, तर हेच जिवाणू मरतात.

पण रांजण सतत ढवळत राहिलं तर पाणी निवळेल का? मैला बसायला निदान एक दिवस तरी शांत पाणी लागतं. दहा भांड्यांचं शौचालय आणि वीस हजार लिटरची टाकी घ्या. रोज दोनशे जण आले, तर हजार लिटर पाणी आत जातं, म्हणजे आलेलं पाणी वीस दिवस टाकीत राहतं. यात्रेत दहाही भांडी चोवीस तास चालली, तर दिवसाला १४,४०० लिटर जातं. टाकी पूर्ण रिकामी असेल तर ते पाणी जेमतेम तेहतीस तास थांबतं. आणि टाकी आधीच निम्मी गाळानं भरलेली असेल, जशी ती बहुतेक वेळा असते, तर सतराच तास. एवढ्या वेळात मैला नीट बसत नाही. तो ढवळून पुढच्या पाइपात शिरतो, पाइप चोंदतो, पाणी मागे सरकतं आणि भांड्यात वर येतं. म्हणजे पहाटे भांड्यात जे दिसतं ते अनेकदा आदल्या दोन-तीन वर्षांत न उपसलेल्या टाकीचं असतं, शेवटच्या माणसाचं नसतं.

चौकट: शोषखड्डा आणि सेप्टिक टँक

*दोन शोषखड्ड्यांचा संडास घरासाठी उत्तम. खड्ड्याच्या भिंतींना भोकं असतात, पाणी आणि वायू आजूबाजूच्या मातीत जिरतात. पाच माणसांच्या घराला एक खड्डा साधारण तीन वर्षं पुरतो. तो भरला की चेंबरमधून वाट दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायची. पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आत वास नसलेलं, हाताळता येईल असं खत तयार होतं. विहीर मात्र जवळ नको आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या बराच वर हवा.*

*सेप्टिक टँकच्या भिंती पक्क्या असतात. तिच्यातून बाहेर पडणारं पाणी शुद्ध नसतं, त्यात रोगजंतू असतात, त्याला पुढे शोषखड्डा किंवा प्रक्रिया लागतेच. गाळ आपोआप नाहीसा होत नाही, तो दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. गर्दीच्या ठिकाणी फक्त शोषखड्ड्यांवर विसंबता येत नाही.*

काळी माती, काळा पाषाण

तुळजापूर बालाघाटाच्या रांगेवर वसलं आहे. वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. या तिन्हींचं पाण्याशी वागणं वेगवेगळं असतं. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते आणि ओतलेलं पाणी गट्ट करते. पाऊस झाला की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी जिरायचं थांबतं. मुरमात पाणी बरं जिरतं. पाषाण सलग असेल तर थेंबही घेत नाही. त्याला फटी असतील तर पाणी माती-वाळूतून गाळलं न जाताच फटीफटीतून थेट कुणाच्या तरी विहिरीला किंवा बोअरला जाऊन मिळतं. हे शेवटचं सगळ्यात वाईट, कारण ते डोळ्यांना दिसत नाही.

आता पंचांग पाहा. नवरात्र आणि कोजागरी येतात पावसाळ्याच्या अखेरीला. जमीन वर्षातली सगळ्यात जास्त भिजलेली, भूजल सगळ्यात वर, शोषखड्डे सगळ्यात निकामी. आणि नेमक्या त्याच दिवसांत सगळ्यात जास्त पाणी त्यांच्यात जातं. जूनमध्ये तपासून ‘चांगला चालतो’ असा शेरा मिळालेला शोषखड्डा आश्विनात तसाच चालेल, याची काही खात्री नाही. उलट चैत्री पौर्णिमेला, जेव्हा जिल्ह्यातच येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा असते, तेव्हा जमीन हवं तेवढं शोषायला तयार असते, पण ओतायला पाणी नसतं. एकाच जिल्ह्यातल्या दोन यात्रा, दोन उलट अडचणी. सरकारी नमुना आराखडा मात्र दोन्हीकडे एकच असतो.

देहूच्या डॉक्टरांनी काय पाहिलं

जमीन न पाहता संडास बांधला तर काय होतं, याचा धडा दुसऱ्या एका तीर्थाच्या गावी मिळालेला आहे. १९६०च्या सुमारास डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर तरुण वयात देहूच्या आरोग्य केंद्रात आले. हगवण, जंत यांवर औषध द्यायचं आणि तेच रुग्ण पुन्हा यायचे. औषधापेक्षा संडासाची गरज जास्त आहे हे ओळखून त्यांनी गावात काही संडास बांधून घेतले. पहिल्याच पावसाळ्यात ते निकामी झाले आणि लोकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. डॉक्टरांनी गावकऱ्यांना दोष देत न बसता संडासाची रचनाच मुळापासून शिकून घेतली.

त्यात त्यांना वाट सापडली ती अप्पासाहेब पटवर्धनांच्या कामात. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब मैल्याचं खत करणाऱ्या कमी खर्चाच्या संडासांवर वर्षानुवर्षं प्रयोग करत होते. मैलासफाईचं काम विशिष्ट जातीच्याच माणसांनी करावं हे त्यांना मान्य नव्हतं, आणि ते काम स्वतःला करू द्यावं म्हणून १९३२मध्ये त्यांनी रत्नागिरीच्या तुरुंगात उपोषण केलं होतं. मापुसकरांनी पुढे मैल्यावर चालणारं ‘मलप्रभा’ हे बायोगॅस संयंत्र विकसित केलं. त्यांच्या निधनानंतर, २०१७मध्ये, त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मला त्यांच्या कामातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की पहिलं अपयश त्यांनी लोकांच्या नव्हे, तर आराखड्याच्या खात्यावर मांडलं.

वाईचं वेळापत्रक

साताऱ्यातलं वाई लोकसंख्येनं जवळजवळ तुळजापूरएवढंच. तिथेही देवदर्शनाला लोक येतात आणि बहुतेक घरांखाली सेप्टिक टँक आहेत. टाकी तुंबली की घरमालक गाडी बोलावणार आणि गाडी मैला कुठेतरी ओढ्यात, शेतात ओतून येणार, अशीच आपल्याकडे बहुतेक गावांची पद्धत. वाई नगरपरिषदेनं २०१८मध्ये ती उलटी केली. प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा उपसायची, मग मालकानं बोलावलेलं असो वा नसो. गल्लीवार वेळापत्रक ठरवायचं, घराघरांकडून वर्षाला थोडा स्वच्छता कर घ्यायचा आणि उपसलेला मैला त्यासाठीच उभारलेल्या प्रक्रिया केंद्रावर न्यायचा. या कामात त्यांना अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचं तांत्रिक साहाय्य होतं. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनंही हाच मार्ग धरला.

यात्रेच्या गावाला या वेळापत्रकात एक भर घालावी लागेल. सार्वजनिक शौचालयांच्या आणि भक्तनिवासांच्या टाक्या भाद्रपदातच उपसून घ्यायच्या. भाद्रपद वद्य अष्टमीला देवीची मंचकी निद्रा सुरू होते, तिथून घटस्थापनेपर्यंत गावात झाडलोट, रंगरंगोटी जोरात चालते. त्या यादीत टाकी उपसणं घातलं, तर वर केलेल्या हिशेबातले सतरा तास तेहतीस होतात. एक वीटही न बांधता क्षमता दुप्पट होते.

उपसलेला मैला वाळवायला ऊन लागतं. वाळू-खडीच्या वाफ्यावर मैला पसरला, की पाणी खाली निथळतं आणि उरलेला चोथा उन्हात दहा-पंधरा दिवसांत वाळतो. मराठवाड्यात ऊन मुबलक आहे, पण आश्विनात ढग आणि परतीच्या पावसाच्या सरी दोन्ही असतात. म्हणून यात्रेच्या गावातल्या वाफ्यांना पारदर्शक छप्पर हवं आणि एक-दोन वाफे यात्रेसाठी राखीव हवेत.

टाकीत उतरणारा माणूस

पाइप चोंदला आणि गाडी मिळाली नाही, की कुणीतरी टाकीचं झाकण उघडून माणूस उतरवतो. आत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त असेल तर तो वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, त्यामुळे ‘आता वास कमी झाला’ असं वाटतं ती वेळ सगळ्यात धोक्याची. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो तळाशी बसतो. दोन श्वासांत माणूस कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही. हातानं मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय असं उतरवणं गुन्हा आहे. मृताच्या कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३मध्ये दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. यात्रेच्या पहाटे, ‘कसंही करा पण मोकळं करा’ असा हुकूम सुटतो, तेव्हा हा कायदा सगळ्यात आधी विसरला जातो. म्हणून टाकी वेळेत उपसणं हा जितका भाविकांच्या सोयीचा प्रश्न आहे, तितकाच एका माणसाच्या जिवाचा.

गाडी आत कशी येणार?

आषाढी वारीच्या पालखी मार्गावर गेल्या दहाएक वर्षांत फिरती शौचालयं मोठ्या संख्येनं उभी राहू लागली. तिथे पालखी मुक्कामाला थांबते, त्यामुळे शौचालयं मुक्कामाच्या गावी एकत्र लावता येतात आणि पालखी पुढे गेली की उचलून नेता येतात. तुळजापूरची वाट निराळी आहे. सोलापूरच्या रूपाभवानी मंदिरापासून निघालेली माणसं रात्रभर सुटी-सुटी चालतात. कुणी तामलवाडीला टेकतं, कुणी घाटाच्या पायथ्याला. म्हणून इथे एका जागी शंभर शौचालयं लावण्यापेक्षा दर दोन-तीन किलोमीटरवर आठ-दहा, उजेडात आणि निम्म्याहून जास्त बायकांसाठी, अशी लावली तर उपयोग होईल. अंधारातलं शौचालय बाई वापरत नाही.

आणि इथेच सगळ्यात अवघड गाठ आहे. फिरत्या शौचालयाखाली बंद टाकी असते, तिच्यातून काहीच जमिनीत जिरत नाही. सहाशे लिटरची टाकी असेल तर माणशी तीन लिटरच्या हिशेबानं दोनशे जणांनंतर ती भरली. मग तिला उपसणारी गाडी हवी, पण रस्ता तर वाहनांसाठी बंद. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत माणसांचा लोंढा अखंड. म्हणून या टाक्या पाइपानं रस्त्यापासून आत, शेताच्या बाजूच्या मोठ्या बंद टाकीला जोडायला हव्यात. ती मोठी टाकी जिथे आडवाटेनं गाडी पोहोचेल तिथेच हवी. तामलवाडी ते तुळजापूर अशा आडवाटा कोणत्या, त्यावर दहा हजार लिटरची भरलेली गाडी ओल्या काळ्या मातीत रुतणार नाही ना, हे भाद्रपदात चालवून पाहायला हवं. आणि गावातल्या गल्लीत पहाटे अडीचला गाडी न्यायची असेल, तर पोलीस बंदोबस्ताच्या नकाशात तिचा मार्ग घटस्थापनेआधीच आखलेला हवा, रुग्णवाहिकेचा आखतात तसा.